खंड

वाडीतल्या तालमीत, मारुतीच्या डाव्या हाताला
खिळ्यावर टांगलेली असे माझी वही.
बावीस पोरं, वयं चौदा ते सोळा,
आणि विद्यापीठातून सही करून आणलेलं पकडमापक,
ज्याला पोरं पहिल्याच दिवशी ‘लिंबू’ म्हणू लागली.
"सर, आज लिंबू पिळायचं?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून बारा आठवडे.
रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं,
एकावर अजून ‘फिका गुलाबी’ अशी चिठ्ठी.
जोर, बैठका, दोरावर हात-हात चढणं.
केतुल कदमला आधी एक जोर निघेना,
पोट मातीला टेकायचं आणि तिथेच त्याला हसू फुटायचं.
सहाव्या आठवड्यात त्याचे नऊ झाले.
ध्रुवेश शिर्केचा आवाज याच दिवसांत फुटला.
वहीत त्याला रकाना नव्हता.

एकोणतीस किलो, एकतीस, चौतीस.
मी जेवताना आकडे सांगायला लागलो.
बायको म्हणाली, "पोळी वाढू,
की आज आकड्यांवरच भागतंय?"

मग खंड.
तो अभ्यासाचाच भाग होता:
आठ आठवडे काहीही करायचं नाही,
बघू, अंगात काय शिल्लक राहतं.
वीस वर्षं मी पोरांना बजावलं, खंड पाडू नका रे,
आणि आता तालमीला कुलूप लावून
किल्ली खिशात टाकून सांगत होतो, घरी बसा.
जिगर मोहिते म्हणाला, "चोरून दोन जोर मारले तर?"
"तर वही खोटी पडेल."
त्याने कान पकडले.

बडोद्याच्या जानेवारीत माती पार कोरडी पडली.
हौद्यात एक मांजर व्याली.
दोन आठवड्यांनी मोजणी, आणि तीही नेमकी उतराणीच्या मागोमाग:
बावीस पोरांची बोटं मांजाने चिरलेली,
कोणाला चिकटपट्टी, कोणाला हळद,
लिंबू पिळताना एकजात सगळ्यांची तोंडं वाकडी.
आकडे धडाधड खाली.
ताकद गेली, की नुसती कातडी?
रकान्यापुढे मी लिहिलं: दोरा.

फेब्रुवारीअखेर शेवटची मोजणी.
तेहतीस. बत्तीस. साडेबत्तीस.
उतरले होते, पण जिथून निघाले तिथवर कुणीच नाही.
मी छाती फुगवून मॅडमकडे गेलो.
त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला:
शाळेतली वीस पोरं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं,
त्यांचेही दीड-दोन किलो वाढलेले.
"या वयात पोरं झोपेतसुद्धा वाढतात," त्या म्हणाल्या,
"त्यातून तुमचे जोर वेगळे कसे काढणार?"
खरंच, केतुलची विजार घोट्याच्या वर गेली होती.

एकट्या जिगरचा आकडा खंडात चढला. दोन किलो.
मी त्याला बाजूला घेतला. "चोरून मारलेस ना?"
"आईशप्पथ नाही, सर."
मग जरा थांबून:
"पप्पांचा पाण्याच्या जारचा धंदा आहे.
माणूस सोडून गेला,
आणि कमुरता संपले की लग्नंच लग्नं.
वीस लिटरचा जार, मांडवीतले तीन-तीन जिने.
सकाळी चाळीस. रविवारी जास्त.
तो काय व्यायाम नाही ना, सर?"

मी वहीकडे बघत राहिलो.
मॅडम म्हणाल्या, नियम नियम आहे, त्याला वगळा.
पट्टी ठेवून मी त्याच्या नावावर रेघ मारली,
अगदी सरळ आली.
बावीसचे एकवीस झाले आणि निष्कर्ष सुटसुटीत.

सोमवारी सहाला कुलूप काढलं.
मांजरीने पिल्लं आधीच हलवली होती.
पोरांनी फावडी घेतली, माती उकरली, ताक शिंपडलं,
केतुल पहिल्याच जोराला मातीवर पालथा पडून हसला.

जिगर वीस मिनिटं उशिरा आला.
कुणी काही विचारलं नाही.
सदरा काढून त्याने खिळ्याला अडकवला, वहीच्या शेजारी,
उजव्या खांद्यावर
जाराच्या बुडाएवढा गोल, ओला डाग.